ऐनाच्या ढोलीतली ककणेर

१९ मार्च १९६१, रविवार. गोठणवाडी.

साडेपाचलाच बाहेर पडलो. अक्का अंथरुणातूनच म्हणाली, "कालच मालवणासून इलंस ना रे बाळा? पाखरां खंय पळान जातत?" वय अठ्ठावन्न, मुंबईच्या दैनिकातला निवृत्त उपसंपादक. अक्कापुढे मी बाळाच.

घाटावर धुकं. ओढ्यात शीळकरी. नेहमीसारखी अर्धीच चाल वाजवतो आणि पुढचं विसरल्यासारखा थांबतो. कुर्टूक तीन बाजूंनी. रानकोंबडा एकदा. उंबरावर हरियाल, चौदापर्यंत मोजले, पंधरावा मोजताना सगळे उडाले. देवराईच्या कडेला सुरंगी फुललेली. पाच मिनिटं नुसताच उभा राहिलो.

मग पंखांचा तो आवाज. कुणी सूप पाखडत वरून जावं तसा. ककणेर. (पुस्तकात धनेश. इथं कुणी तसं म्हणत नाही.) नर देवळामागच्या उंच ऐनाच्या खोडाला येऊन बिलगला, जिथं जुनी फांदी मोडून ढोली झालीय तिथं. गळ्यातून एकेक उंबर काढून फटीत. आतून चोचीचं टोक. पुन्हा उंबर, पुन्हा टोक. अकरा उंबरं.

म्हणजे मादी आत बसली. ढोलीचं तोंड लिंपून घेतलं, बोटभर फट ठेवली. आत तिची पिसं झडतात, तिला उडता येत नाही. नर आणील ते खायचं, पिल्लं वाढवायची, आणि वेळ झाली की भिंत फोडून बाहेर. गेल्या वर्षीपर्यंत ही जोडी ओढ्याकाठच्या सातविणीत असायची. ती सातवीण आषाढात पडली.

दुर्बीण खाली आणली तेव्हा खोडावर कुंकू दिसलं. मुळाशी नारळाची करवंटी.

हा तोच ऐन. मीच दाखवलेला.

२० मार्च, सोमवार

डोक्यात फिरतंय. लिहून काढतो.

दिवाळीत रवळनाथाच्या देवळाचं आढं तडकलेलं सापडलं. सगळं छप्पर ज्याच्यावर बसलंय तेच लाकूड. भिवा मेस्त्री वर चढून बघून आला नि म्हणाला, हे आणखी एक पावसाळा काढणार नाही. देवाच्या छपराला लाकूड देवाच्या राईतलंच लागतं. तेव्हा मी इथेच होतो. पहिले मानकरी परब मला म्हणाले, "पेपरवाले, तुमच्याकडे दुर्बीण आसा. सरळ, बिनगाठीचा झाड खंयचा ता तुमीच सांगा." मी अर्धा तास फिरलो आणि ऐन दाखवला. तीस हात सरळ खोड. वरच्या ढोलीकडे बघितलंसुद्धा. म्हणालो, ढोली वर आहे, खालच्या लाकडाला धक्का नाही.

एकतीस वर्षं टेबलावर बसून एकही ओळ दोनदा वाचल्याशिवाय खाली छापखान्यात सोडली नाही. इथे अर्धा तास.

शिमग्यात त्यांनी देवाला विचारलं. कौल उजवा पडला. झाड दिलं. आता तो ऐन देवाने दिलेला आहे. दैनिकात असतो तर दुसऱ्या दिवशी पान दोनवर दुरुस्ती छापून मोकळा झालो असतो.

सोनू गुरवाला विचारलं, तोडणार कधी. म्हणाला, "हनुमान जयंती झाली की. अंधाऱ्या पंधरवड्यात. दहा एप्रिल, सोमवार." चांदण्याच्या पंधरवड्यात तोडलेलं लाकूड किडतं, म्हणून. मग चिरायचं, वाळवायचं आणि पंधरा मेच्या आत वर चढवायचं, कारण पंधरापासून अधिक महिना, त्यात देवाचं काम काढत नाहीत. आणि अधिक संपेतो पाऊस.

"आणि ककणेर भायर कधी येता?"

"मिरगाच्या आगेमागे," सोनू म्हणाला. मग माझ्याकडे बघितलं. मग ऐनाकडे. "अरे देवा."

त्याला ठाऊक नव्हतं. कुणालाच ठाऊक नव्हतं.

२२ मार्च, बुधवार

दैनिकातल्या माझ्या पाखरांच्या सदराचा मजकूर दुपारच्या टपालाला. बुलबुलांवर सहाशे शब्द. कंटाळवाणे. सगळ्या आयुष्यात हाताशी आली नव्हती अशी बातमी राईत बसलीय आणि ती लिहिता येत नाही. ककणेरीचं तेल सांधेदुखीवर चालतं म्हणून लोक शोधत येतात. छापून आलं की बंदूक घेऊन कोणतरी हजर.

अक्काला सांगितलं. स्वतःचे गुडघे चोळत म्हणाली, "बरा झाला सांगलंस. एक बाटली माका ठेव." मग माझं तोंड बघून, "मस्करी केलंय रे."

२३ मार्च

६.१० नर. ६.५० नर. ७.४५ नर, काजऱ्याची फळं घेऊन. माणूस खाईल तर मरेल, ही आरामात खाते. ९ ला मी उठलो. ९.१० ला परत जाऊन बसलो.

२५ मार्च, शनिवार. रामनवमी.

देवळात पाळणा. सगळे जमलेले. परबांशी बोलायचं ठरवून गेलो, सुंठवडा घेऊन परत आलो.

सोनूने एक वाट सांगितली. बाहेरचं झाड चालतं, पण धन्याने स्वतः तुळशीपत्र ठेवून देवाला वाहिलेलं हवं. एवढं सरळ आणि जाड झाड वाडीत दुसरीकडे कुठे आहे ते आम्हा दोघांना माहीत होतं.  अक्काच्या मागच्या दारचा फणस.

२७ मार्च

अक्काला विचारलं. विचारायला नको होतं.

तिने भाताचं आधण उतरवून ठेवलं, तेव्हाच समजलो.

"तो फणस तुझ्या भावोजींनी लायलो. ते गेले तेच्या आदल्या वर्षी पयलो फणस धरलो. आठळ्यांवर मी किती पावसाळे काढलंय, तुका म्हायत आसा? मुंबैत बसान तुका काय म्हायत."

"बरा, जाव दे."

"जाव दे कसा? इचारलंस ना? आता आयक. चूक कोणी केली?"

"मी."

"मगे माझो फणस कित्याक भरतलो ती?"

तिचं खरं आहे. पुढे काही लिहिण्यासारखं नाही.

रात्रीचं जेवण वाढलं तिने, ताट आपटून. पण सोलकढी नेहमीपेक्षा जास्त वाढली.

३० मार्च

झोप नीट नाही. तोडीला चौदा दिवस म्हणता म्हणता अकरा राहिले. नर रोज पहिल्या खेपेला सहाच्या आसपास. कुर्टूक, हळद्या, भृंगराज, सगळे टिपतोय, पण यंत्रासारखं. हातातली पेन्सिल दोनदा मोडली. परवा स्वर्गीय नर्तक डोक्यावरून गेला, पांढरी शेपूट फितीसारखी, आणि मी घड्याळ बघत होतो.

१ एप्रिल, शनिवार. हनुमान जयंती.

भिवा मेस्त्रीबरोबर देवळात. त्याला वर चढून मला तडा दाखव म्हटलं. शिडी लावली. मीही चढलो (अक्काला सांगायचं नाही). तडा हातभर लांब, बरोबर मध्यावर, सभामंडपाच्या. आत बोटाचं पेर जातं.

म्हटलं, "मेस्त्री, दोन तुकडे सांधून आढं होत नाही?"

"देवाच्या डोक्यावर सांधो? म्हाताऱ्यानू, माझ्या बापाशीन ह्या देवळाचा काम केल्यान. तो सपनात येयत."

"मग दुसरं काय?"

भिवा हसला. वरूनच खाली हात केला, मंडपाच्या मध्यावर. "घर असता तर हयसर एक टेकू दिलो असतो नि पावसाळो काढलो असतो. पण हयसर टेकू? देवाच्या डोळ्यात खांब?"

खाली बघितलं. गाभाऱ्यातून देवाची नजर सरळ दारातून बाहेर, समोरच्या भरड माळापर्यंत. त्या रेषेत कुणी बसत नाही, पालखीसुद्धा बाजूने नेतात. खांब बरोबर त्या रेषेत आला असता.

शिडीवरून उतरताना ठरवलं, उद्या परबांकडे जायचं. 

२ एप्रिल, रविवार

परबांकडे गेलो. ओटीवर सुपारी कातरत बसले होते. सोनूला मुद्दाम बरोबर नेलं.

सगळं सांगितलं. ढोली मी बघितली होती, आत कोण बसेल हा विचार केला नाही, चूक माझी. मग खांबाचं सांगितलं. पावसाळ्याचे चार महिने खांब, दिवाळीनंतर पहिल्या अंधाऱ्या पंधरवड्यात ऐन तोडा, मी आड येणार नाही.

परब सुपारी कातरतच राहिले. "म्हंजे देवान झाड दिल्यान. आता तुमी देवाक सांगतलास, थांब, आमच्या पाखराची सोय होवंदे."

"सांगत नाही. विचारायचं म्हणतोय."

"एकदा इचारलेला परत इचारूचा नसता. पेपरात चलात ता. सकाळी एक, सांजचा दुसरा."

 तेव्हा सोनू बोलला. सोनू परबांसमोर सहसा बोलत नाही. "झाडाचा इचारूचा नाय तात्यानू. खांबाचा इचारूया. तो सवाल येगळो."

अडकित्त्याचा आवाज थांबला. 

"सवाल कोण बांधतलो?"

सोनू माझ्याकडे बघून म्हणाला, "हे. लिवणारे आसत."

"शुक्रवारी," परब म्हणाले. "पण छप्पर पडला तर? श्रावणात सात दिवस सप्तो. दिवसरात भजन, पन्नास माणूस त्या आढ्याखाली."

 

५ एप्रिल, बुधवार

सदर पाठवलं नाही. पहिल्यांदाच. संपादकांना तार केली, प्रकृती ठीक नाही. खोटं.

सवाल बांधतोय. पाच कागद फाडले. सोनूने नियम सांगितले: एकाच वेळी एकच गोष्ट. "किंवा" नको. देवाला हो किंवा नाही म्हणता आलं पाहिजे. धमकी नको, लाच नको. आणि काही लपवलेलं असता कामा नये, कारण देवाला ठाऊक असतंच, फक्त आपली शोभा होते.

संपादकाने असे नियम घातले असते तर आमचं दैनिक बरं निघालं असतं.

पहिला मसुदा फार गोड होता. त्यात मुक्या जीवाची करुणा वगैरे. सोनूला वाचून दाखवला. तो म्हणाला, "ह्यात देव खंय आसा? तुमीच आसात."

फाडला.

६ एप्रिल, गुरुवार

सकाळी राईत. पहिली खेप ६.२०. फटीतून चोच. तेवढं बघून बरं वाटत नाही आता, वाईटही वाटत नाही. नुसती घाई वाटते, कसली ते कळत नाही.

सवाल झाला. तीन वाक्यं.

७ एप्रिल, शुक्रवार

घरातून निघताना अक्काने माझ्या खांद्यावर धुतलेलं उपरणं टाकलं. "देवाकडे जातंस. पेपरात नाय."

देवळात पंचवीसेक माणूस. सोनूने देवाच्या छातीवर दोन पाकळ्या लावल्या, उजवीकडे एक, डावीकडे एक, पाण्याने चिकटवून. उजवी आधी पडली तर होय, डावी तर नाही. मग गाऱ्हाणं. त्याचा तो आवाज इतर वेळच्या सोनूचा नसतो.

"बा देवा रवळनाथा, बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" सगळे.

"तुझ्या छपराचा आढा तडकला आसा. तू दिलेल्या ऐनात पाखरू कोंडून बसला आसा, ता झाड दाखवणाऱ्याक तेवा कळला नाय..."

"व्हय म्हाराजा!" त्यात परबांचा आवाज सगळ्यात मोठा.

"ह्या पावसाळ्यापुरतो तुझ्या नजरेच्या वाटेत खांब उभो केलो, तर तुका चलात काय म्हाराजा?"

"व्हय म्हाराजा!"

आणि मग थांबणं.

९.२० ला सवाल. मी घड्याळ काढलं, लाज वाटून परत ठेवलं. ९.४० झाले असतील. कुणी हलत नव्हतं. मग एकजण तंबाखू मळायला बाहेर गेला. मग दुसरा. भिवा माझ्या कानात, "देवाक पण सुचता नाय, काय जबाब देवचो." कुणीतरी हसलं, परबांनी वळून बघितलं, बंद. बाहेर तांबट ठोके देत होता, टुक टुक टुक, मी ते मोजायला लागलो. दोनशेच्या पुढे विसरलो.

डावी पाकळी हलली. खरंच हलली, मी पाहिलं. टोक सुटलं आणि लोंबत राहिलं.

उजवी पडली.

"व्हय म्हाराजा" यावेळी कुणी ओरडलं नाही. सगळ्यांच्या तोंडून श्वास सुटावा तसं आलं.

परब माझ्याकडे आले. "दिल्यान. पण आता माणसांचा. श्रावणात सप्त्याचो पयलो पारो तुमचो. पयले तीन तास. खांबाच्या बुडाशी बसायचा. बाकीचे मगे येतले."

"बसेन."

"मालवणात ताप येवचो नाय ना आयत्या वेळेक?"

सगळे हसले. मीसुद्धा.

८ एप्रिल

लिहावं की नाही.

काल सोनू पाकळ्या लावत होता तेव्हा मी शेजारीच होतो. डाव्या पाकळीला त्याने बोट दोनदा पाण्यात बुडवून लावलं. उजवीला एकदाच, आणि बोट आधी उपरण्याला पुसलं.

कदाचित तसंच असतं. कदाचित नेहमीच तसं लावतात. मी आयुष्यात किती वेळा बघितलंय?

त्याला विचारणार नाही. विचारलं आणि त्याने होय म्हटलं तर काय करणार आहे? आणि नाही म्हटलं तरी माझा विश्वास बसेलच असं नाही. मला हवं ते झालं आणि ते मला टोचतंय. देवाने होय म्हटलं असेल तर छप्पर देवाचं. सोनूने म्हटलं असेल तर त्या आढ्याखालचे पन्नास जण सोनूचे आणि माझे.

१० एप्रिल, सोमवार

आज तोडायचा होता. ६.०५ नर. ६.४० नर. नऊपर्यंत पाच खेपा. ऐन उभा.

१३ एप्रिल, गुरुवार

खांब उभा केला. जुन्या शिसवीचा, परबांच्या गोठ्यातला. त्यांनीच दिला. गाडीवरून उतरवताना म्हणाले, "म्हशीक सांगान आणलंय."

भिवाने खाली दगड बसवला, वर आढ्याशी पाचरी मारल्या. शेवटची पाचर मारताना आढं कुरकुरलं आणि सगळे मागे सरकले. भिवा सोडून.

"मेस्त्री, भरवसा?"

"पाचरीचो देतंय. जमनीचो नाय. खाली माती मऊ आसा."

मग सोनूने देवाला नमस्कार केला. खांब मध्ये आला म्हणून त्याला मान वाकडी करून बघावं लागलं. बघून त्याने डोळे खाली केले. मला ते बघवलं नाही.

२६ एप्रिल, बुधवार

सदर पाठवलं. शिरोड्याच्या किनाऱ्यावरच्या पाणपाखरांवर, जुन्या टिपणांवरून. संपादकांचं पत्र: प्रकृतीला जपा, मजकूर बेताचाच वाटला.

राईत आज आतून नवा आवाज. बारीक, चिरका. पिल्लू. एक की दोन ते कळत नाही. नर आता खेपा वाढवतोय, तास-तासाला. एका खेपेत सरडा.

अक्काला सांगितलं तर म्हणाली, "मगे? आजी झालंय म्हण."

११ मे, गुरुवार

खांबाचा पाया बोटभर खचला. भिवाने नवी पाचर मारली. परबांना कळलं. वाटेत भेटले तेव्हा त्यांनी पाऊस येतोय का बघतात तसं आभाळाकडे बघितलं. आभाळ स्वच्छ होतं.

सोनूला खांबाच्या बाजूने पूजा करावी लागते. मागच्या सोमवारी तो नैवेद्य घेऊन जाताना खांबाला धडकला. ताट सावरलं. मी म्हटलं, "सोनू, तुका तरास झालो."

तो म्हणाला, "माका नाय. तेका झालो तर तोच सांगात." आणि देवाकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. त्यात काय होतं ते रात्रभर आठवत राहिलो. चिडलेलं नव्हतं. पकडला गेल्यासारखंही नव्हतं. तो थकलेला वाटला.

२० मे, शनिवार

अधिक महिना लागून पाच दिवस. आता कुणी काही करणार नाही, इकडेही नाही, तिकडेही नाही. आज नवरंगाचा आवाज पहिल्यांदा. आला म्हणजे पाऊस फार लांब नाही. एरवी या आवाजासाठी मी वर्षभर थांबतो. आज ऐकून खांब बघायला देवळात गेलो.

मालवणला परत जायला हवं, घराच्या छपराची शाकारणी बाकी आहे. अक्का म्हणते जा. जात नाही.

३ जून, शनिवार

दोन दिवस ढग. काल वळवाची मोठी सर, दीड तास. देवळात धावलो. भिवा माझ्या आधी तिथे. दोघे खांबाला हात लावून उभे राहिलो, जसं काही आम्हीच धरून ठेवणार होतो. आढं दोनदा बोललं. पाया आणखी खचला नाही. किंवा खचला असेल, पायाशी केलेल्या खुणेवर चिखल आला, दिसेना.

भिवा म्हणाला, "तुमी सप्त्याक बसतलास?"

"बसतलंय."

"मगे मी पण बसान. पाचर कोणी मारूची?"

८ जून, गुरुवार

मृग आज. सहाला राईत. आभाळ खाली आलेलं, वारा नाही. अक्काने छत्री जबरदस्तीने दिली.

६.१५ नर आला. काजऱ्याचं फळ. खोडाला बिलगला, फटीत चोच घातली. आतून काही नाही.

फळ चोचीतच. बाजूच्या फांदीवर गेला. ६.४० पुन्हा खोडाला. पुन्हा काही नाही. पिल्लाचा चिरका आवाजही आज नाही. दोन दिवसांपूर्वीपर्यंत होता, मी ऐकलाय, टिपलाय.

फटीच्या खालचा लिंपणाचा एक तुकडा पडलाय. आतून फोडायला सुरुवात केली, की कालच्या पावसाने भिजून गळला? बाहेरून कळत नाही. दुर्बिणीने अर्धा तास तेवढंच बघतोय. काळोख आहे, बाकी काही दिसत नाही.

सोनू पूजा आटपून आला. शेजारी बसला. 

"कायच नाय?"

"कायच नाय."

"बसूया," तो म्हणाला.

७.३० नर तिसऱ्यांदा. फळ अजून टाकलेलं नाही. देवळाकडून भिवाच्या मोगरीचे ठोके सुरू झाले, पाचर मारतोय. सोनूने मान तिकडे वळवली. मी नाही वळवली. मोठे थेंब पानांवर. छत्री उघडली तर नर उडेल म्हणून उघडली नाही. सोनूनेही उपरणं डोक्यावर घेतलं नाही.

७.५०. नर खोडालाच आहे. ठोके थांबले. का थांबले ते बघायला सोनू उठला, मी फटीकडे बघत बसून राहिलो.